न विचारलेला प्रश्न : व्हेरिकोसीलची कथा

मूल न झालेल्या स्त्रीसाठी मराठीत ‘वांझ’ हा शब्द आहे. मूल न झालेल्या पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्द नाही. ‘नपुंसक’ किंवा ‘षंढ’ हे शब्द आहेत, परंतु त्यांचा रोख शरीरसंबंधाच्या असमर्थतेकडे आहे. ज्याचा संसार इतर चारचौघांसारखा आहे, अंगात कष्टाची ताकद आहे, पण ज्याच्या वीर्यात शुक्राणू पुरेसे नाहीत, अशा पुरुषाला आपल्या बोलीने नावच दिलेले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची चौकशीही होत नाही. पुरुषांच्या वंध्यत्वाचा इतिहास पाहू लागलो की भाषेतली ही उणीव वैद्यकातही तशीच उतरलेली आढळते. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘व्हेरिकोसील’ हा विकार.

हा इतिहास आम्ही जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून सांगणार आहोत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलेले हे डोंगरी तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची ही वस्ती. नागली, वरई आणि पावसावरचा भात ही येथील पिके. दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्ट्यांची वाट धरणारी कुटुंबे पुष्कळ. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला आणि तेव्हापासून ‘जव्हार-मोखाडा’ हे जोडनाव वर्तमानपत्रांत कुपोषणाच्या बातमीबरोबरच येत राहिले. जेथे जन्मलेले मूल जगवण्याचीच लढाई चालू आहे, तेथे मूल न होणाऱ्या जोडप्यांचा विचार कोण करणार? परंतु तो प्रश्न तेथेही आहे, आणि पुढे आपण पाहू की बालमृत्यूच्या प्रश्नाशी तो एका ठिकाणी जोडलेलाही आहे.

विकार म्हणजे नेमके काय?

शाळेत आपण शिकवतो की रोहिण्या रक्त अवयवांकडे नेतात आणि नीला ते हृदयाकडे परत आणतात. वृषणांकडून परत येणारे रक्त प्रथम नीलांच्या एका जाळ्यातून वर चढते. उभ्या माणसात ते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते, म्हणून या नीलांत झडपा असतात. झडपा निकामी असल्या किंवा मुळातच नसल्या तर रक्त खाली उतरते, साचते आणि नीला फुगून वेड्यावाकड्या होतात. पायांतील फुगलेल्या शिरा आपण पाहिलेल्या असतात. तोच प्रकार वृषणाच्या वरच्या बाजूस झाला की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचणे, आणि अंतर्गळ, म्हणजे आतडे खाली उतरणे, हे दोन्ही विकार यापेक्षा वेगळे आहेत.

व्हेरिकोसील बहुतेक वेळा डाव्या बाजूस आढळते. याचे कारण शरीररचनेत आहे. उजव्या वृषणाची नीला अधोमहाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावी मात्र अधिक लांब असते आणि ती डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते. मुख्य प्रवाहाला काटकोनात मिळणारा ओढा पुरात तुंबतो, तसेच काहीसे येथे होते.

नीला फुगल्याने शुक्राणूंचे काय बिघडते? वृषण पोटाच्या बाहेर, कोशात असतात, कारण शुक्राणूनिर्मितीला शरीराच्या आतील तापमानापेक्षा सुमारे २ ते ३ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मूर यांनी १९२० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की वृषणांना ऊब दिली की शुक्राणूनिर्मिती ढासळते. एरवी नीलांचे जाळे खाली येणाऱ्या रोहिणीतील उष्णता काढून घेते आणि वृषणाला पोहोचणारे रक्त थंड करते. त्या जाळ्यातच रक्त तुंबले की थंड करण्याची ही सोय बिघडते. साचलेल्या रक्तामुळे प्राणवायूचा पुरवठा कमी होणे आणि पेशींना अपायकारक अशी रसायने वाढणे, हीही कारणे सांगितली जातात. यांपैकी कोणते किती महत्त्वाचे, यावर अजून एकमत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली पाहिजे. सुमारे १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असते आणि त्यांपैकी बहुतेकांना मुले होतात. म्हणजे हा विकार असणे आणि वंध्य असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हे दोन्ही ध्यानात ठेवूनच पुढचा इतिहास वाचावा लागतो.

दोन हजार वर्षे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने वृषणावरील फुगलेल्या, पिळवटलेल्या नीलांचे वर्णन केले आणि त्या बाजूचे वृषण लहान होते हेही नोंदवले. निरीक्षण अचूक होते. परंतु वृषण लहान झाल्याने अपत्यप्राप्तीवर काय परिणाम होतो, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही.

आपल्याकडील परंपरा काही बाबतींत अधिक मोकळी दिसते. सुश्रुतसंहितेत वृषणाच्या भागातील सुजेचे, म्हणजे ‘वृद्धी’चे, सात प्रकार दिले आहेत आणि शुक्राच्या दोषांची चर्चा वेगळी केली आहे. पुरुषाच्या बीजात दोष असू शकतो, हे त्या वैद्यांना मान्य होते. महाभारतातील नियोगाच्या कथाही हेच सांगतात. पांडूच्या घरी संतती नव्हती तेव्हा उणीव कुंतीत शोधली गेली नाही. परंतु व्यवहाराचे नियम वेगळे होते. मनुस्मृतीने वांझ पत्नी असेल तर आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा दिली. पती वंध्य आहे का हे आधी पाहावे, अशी अट त्यात नाही. वैद्यकाला जे ठाऊक होते ते रूढीने विचारात घेतले नाही.

युरोपात १६७७ साली लेव्हेनहूक याने आपल्या सूक्ष्मदर्शकातून वीर्यातील हालचाल करणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. शुक्राणू दिसले, पण वंध्यत्वाच्या तपासणीसाठी ते पाहायला हवेत हे सुचायला जवळपास दोनशे वर्षे लागली. अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी १८६० च्या दशकात ती पद्धत वापरली. शुक्राणू मोजून त्यावरून निदान करण्याचा पद्धतशीर प्रयत्न मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला.

या काळात शल्यविशारद व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करीतच होते, पण दुखते म्हणून किंवा जड वाटते म्हणून. लंडनच्या बारवेल यांनी १८८५ साली तारेचा फास वापरून केलेल्या शंभर रुग्णांवरील उपचारांचा वृत्तांत दिला. १८८९ साली बेनेट यांनी शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाचे वीर्य सुधारल्याची नोंद केली. त्या नोंदीचा धागा पकडून कोणी पुढे गेले असते तर पन्नास-साठ वर्षे वाचली असती.

ती पोकळी भरली भोंदूंनी. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील वृत्तपत्रांत व्हेरिकोसीलवरील विजेच्या पट्ट्यांच्या आणि ‘गेलेले पौरुष परत मिळवा’ अशा थाटाच्या जाहिराती सर्रास येत. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या लोहमार्गांच्या कडेच्या भिंतींवर आणि एसटी स्थानकांच्या आसपास ‘गुप्तरोग’ या शब्दाखाली हाच धंदा चालत आला आहे. जे शास्त्राने उघडपणे बोलायचे ते बोलले नाही की त्याचा बाजार होतो.

मुंबईत हे बोलण्याचे धाडस एका गणिताच्या प्राध्यापकाने केले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात वाचक शरीराविषयीचे प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुरुषाच्या शरीराविषयी प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर देणे ही गोष्ट त्या काळी न्यायालयापर्यंत जाऊ शकत होती.

१९५२ आणि त्यानंतर

धागा जुळला तो १९५२ साली, एडिंबरोमध्ये. सेल्बी टलक या डॉक्टरांकडे आलेल्या एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नव्हते आणि दोन्ही बाजूंस व्हेरिकोसील होते. शस्त्रक्रिया झाली. पुढे त्याच्या वीर्यात दर मिलिलिटरला २ कोटी ७० लाख शुक्राणू आढळले आणि त्याच्या पत्नीला दिवस गेले. या एका वृत्तांताने जगभरच्या शल्यविशारदांचे लक्ष वेधले आणि पुढील काही दशकांत हजारो पुरुषांवर ही शस्त्रक्रिया झाली.

परंतु एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. शस्त्रक्रिया न करताही काही जोडप्यांना उशिरा मूल होते. तेव्हा तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेला गट हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली ९०३४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे वीर्य सदोष होते त्यांच्यापैकी २५.४ टक्के पुरुषांत व्हेरिकोसील होते. ज्यांचे वीर्य सामान्य होते त्यांच्यात ते प्रमाण ११.७ टक्के होते. संबंध दिसला. पण उपचाराचा उपयोग होतो का? २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये एव्हर्स आणि कॉलिन्स यांनी उपलब्ध चाचण्या एकत्र करून सांगितले की उपयोग दिसत नाही. त्यावर आक्षेप असा आला की त्या चाचण्यांतील काही पुरुषांचे व्हेरिकोसील हाताला लागणारे नव्हतेच, तर काहींचे वीर्य आधीच सामान्य होते. मग २०११ साली, केवळ हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि सदोष वीर्य असलेल्या पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३२.९ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली, तर न झालेल्या गटात १३.९ टक्के.

आजचे मत या वादातून तयार झाले आहे. विकार हाताला लागत असेल, वीर्य सदोष असेल आणि पत्नीच्या बाजूने मोठी अडचण नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक व्हेरिकोसीलसाठी करू नये. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेचा परिणाम पाहायला तीन ते सहा महिने थांबावे लागते.

बासष्ट लाख पुरुष

आता आपल्या देशाकडे येऊ. पुरुषाच्या या अवयवाकडे आपल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचे लक्ष गेले नाही असे मुळीच नाही. ते गेले, पण वेगळ्या हेतूने. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

नसबंदी करताना डॉक्टर वृषणाच्या वरची दोरीसारखी जुडी बोटांत धरतात आणि तिच्यातील शुक्रवाहिनी वेगळी काढतात. त्या वाहिनीला लगटूनच नीलांचे जाळे असते. म्हणजे एका वर्षात ६२ लाख पुरुषांच्या बाबतीत डॉक्टरांची बोटे व्हेरिकोसीलच्या जागेवर फिरली. परंतु प्रश्न एकच होता, मुले थांबवायची कशी. मूल होत नाही म्हणून त्याच जागी हात लावून पाहायचे असते, हे त्या मोहिमेने कोणाच्या मनात रुजवले नाही. उलट सक्तीची भीती आणि ‘नसबंदीने ताकद जाते’ हा गैरसमज मागे राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातील विवाहित जोडप्यांत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे ०.३ टक्के आढळले. मूल थांबवायचे असो वा व्हायचे असो, शरीर पुढे करायचे ते स्त्रीनेच.

मुंबईत परळला याच्या उलट दिशेचा प्रवासही झाला. गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीपासून सुरू झालेल्या संशोधनातून तेथे प्रजननविषयक संशोधन संस्था उभी राहिली. या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या परीक्षानळीतील बालिकेचा जन्म झाला. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची पद्धत यशस्वी झाली आणि अत्यल्प शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही आशा निर्माण झाली. पण या पद्धतीतही इंजेक्शने, बीजांड काढणे, गर्भ आत सोडणे हे सारे पत्नीच्या वाट्याला येते. शिवाय तिचा खर्च मोखाड्यातील मजुराच्या आवाक्यातला नाही.

जव्हार-मोखाड्यात काय लागेल?

वारल्यांच्या लग्नचौकात पालघाट देवी रेखाटली जाते. सृष्टीच्या सुफलतेची ही देवता स्त्रीरूप आहे. सुफलता स्त्रीची मानली की अफलताही तिचीच होते. मूल झाले नाही की भगताकडे तिला नेतात, नवस तिने करायचे, आणि शेवटी घर सोडायचे तेही तिने. या भागातील आदिवासी समाजांत काडीमोड आणि पुनर्विवाह यांना पूर्वापार मोकळीक आहे, ही त्यांच्या रूढीतील चांगली बाजू. अशा रीतीने गेलेल्या स्त्रीला दुसऱ्या घरी मूल झाले, आणि पहिल्या पतीला दुसऱ्या पत्नीपासूनही झाले नाही, तर पुरावा साऱ्या पाड्यासमोर असतो. प्रयोगशाळेतही याहून स्पष्ट तुलना मिळणे कठीण. तरीही त्यातून निष्कर्ष काढला जातो तो क्वचितच, कारण त्यासाठी शब्द नाही.

सुरुवातीस आम्ही बालमृत्यूचा उल्लेख केला तो यासाठी. व्हेरिकोसीलचा परिणाम वयाबरोबर वाढत जाऊ शकतो. न्यूयॉर्कमधील १९९३ च्या एका अभ्यासात, कधीच मूल न झालेल्या वंध्य पुरुषांत व्हेरिकोसीलचे प्रमाण ३५ टक्के, तर आधी मूल होऊन नंतर न झालेल्यांत ८१ टक्के आढळले. इतर अभ्यासांत फरक इतका मोठा दिसलेला नाही, पण दिशा विचार करायला लावणारी आहे. ज्या पुरुषाला एक मूल झाले आहे त्याच्यावर कोणी शंका घेत नाही. आता अशा घराची कल्पना करा, जेथे पहिले मूल गेले आणि मग चार-पाच वर्षे दुसरे झाले नाही. तेथे आईच्या दुःखावर दोषाचा भारही पडतो, आणि बाप मात्र ‘सिद्ध’ ठरलेला असतो. बालमृत्यूने पिचलेल्या तालुक्यात हा प्रश्न चैनीचा नाही.

याच्या निदानाला मोठे यंत्र लागत नाही. पुरुषाला उबदार खोलीत उभे करून, श्वास रोखून कुंथायला सांगून, डॉक्टरांनी हाताने तपासायचे. मोठे व्हेरिकोसील गांडुळांनी भरलेल्या पिशवीसारखे हाताला लागते आणि आडवे झाल्यावर ओसरते. आडवे करूनच तपासले तर ते निसटते. केवळ उजव्या बाजूस असेल, किंवा आडवे होऊनही ओसरत नसेल, तर पोटात गाठ नाही ना याचा शोध घ्यावा लागतो. दुसरी तपासणी वीर्याची. तिला सूक्ष्मदर्शक आणि रक्तपेशी मोजायची चौकटीची काच लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापासाठी रक्त पाहणाऱ्या तंत्रज्ञाला हा सूक्ष्मदर्शक परका नाही. थोडे प्रशिक्षण आणि रुग्णासाठी एक आडोशाची खोली हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा आहे. अपत्य झालेल्या पुरुषांपैकी ५ टक्क्यांची संख्या तिच्याहूनही कमी असते, म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये. इतके काम मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जव्हारच्या कुटीर रुग्णालयात होण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेसाठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागेल, पण कोणाला पाठवायचे हे तरी येथे ठरेल.

मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचा काही वाटा असतो. त्यांतील सर्व व्हेरिकोसील नव्हेत आणि सर्वांवर इलाज नाही. म्हणूनच ‘दोघांनी एकाच दिवशी या’ हा साधा नियम सर्वांत मोलाचा ठरतो. पत्नीच्या कष्टाच्या, खर्चाच्या तपासण्या करण्याआधी पतीच्या या दोन सोप्या तपासण्या उरकतात.

शिक्षकांसाठी

दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्थेचा पाठ आहे. मुलगा की मुलगी हे पित्याच्या गुणसूत्रावरून ठरते, हे तेथे शिकवताना बरेच शिक्षक एक वाक्य आवर्जून जोडतात, की मुलगी झाली म्हणून आईला दोष देऊ नका. ते वाक्य वर्गातून घरी पोहोचते, असा आमचा विश्वास आहे. त्याच तासाला आणखी दोन वाक्ये जोडावीत अशी आमची विनंती आहे. पहिले, ताकद असणे आणि शुक्राणू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे, मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करायची, आणि सोपी म्हणून पुरुषाची आधी.

आश्रमशाळेतील पंधरा-सोळा वर्षांची मुले ही वाक्ये ऐकतील. व्हेरिकोसील बहुधा याच वयात सुरू होते. एखाद्याला तसा जडपणा किंवा सूज जाणवत असेल तर गुरुजींना किंवा डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही हे त्याला कळेल. काही वर्षांत यांतील बहुतेकांची लग्ने होतील. त्यांतल्या एखाद्याच्या घरी पाळणा हलला नाही, तर भगताकडे जाण्याआधी किंवा बायकोला माहेरी धाडण्याआधी त्याने एकदा दवाखान्यात जाऊन ‘मलाही तपासा’ असे म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे.